गेटपासून पार्किंगपर्यंत

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत गेटपासून मागच्या पार्किंगपर्यंत जाणारी एक चिंचोळी वाट आहे. डावीकडे कंपाउंडची भिंत, उजवीकडे तळमजल्याच्या खिडक्या. आमचे सेक्रेटरी तिला ‘ड्राइव्हवे’ म्हणतात, आणि म्हणताना मान थोडी मागे नेतात, जणू तिच्या टोकाला कारंजं आणि दरवान आहे. टोकाला पाण्याची मोटर आहे, आणि एक सायकल, जिचा मालक कोण हे कुणालाच माहीत नाही.

लग्न करून मी सांगलीहून इथे आले तेव्हा ही वाट सिमेंटची होती आणि मधोमध खचलेली होती. आपल्याकडे पाऊस परत जातो तेव्हा चेन्नईत तो यायला निघतो. पहिल्याच दिवाळीनंतर त्या खचलेल्या भागात असं पाणी साचलं, की माझी स्कूटर मी ढकलत नव्हते, वल्हवत होते. पाऊस ओसरला की असोसिएशनची सभा भरायची. चहा-कॉफी व्हायची, भजी व्हायची, आणि ठराव ठरलेला: वरून एक थर टाकू. एका वर्षी सिमेंटचा टाकला. पुढे खडबडीत टाइल्सचा. मग सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेत, त्याच्या घरचे आमची इमारत बघायला येणार. तेव्हा त्या टाइल्सवर आणखी टाइल्स बसल्या. या वेळी गुळगुळीत, गुलाबी आणि फुलाफुलांच्या. उद्घाटनाला सेक्रेटरींनी कापूर लावला, लिंबं ठेवली आणि पांढरा भोपळा फोडला. भोपळ्याच्या पाण्यावरून पाहुण्यांपैकी एक जण तिथेच घसरला. शुभशकुन म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तळमजल्यावर एक मामी राहतात; माझ्या नात्यातल्या नव्हेत, इथे वयस्क बाईला मामीच म्हणतात. एकट्या असतात, पंचाहत्तरीच्या आहेत, आणि त्यांचं वजन त्यांच्या छत्रीपेक्षा फारसं जास्त नसावं. पावसात त्या भिंतीला दोन्ही तळवे टेकवून, खेकड्यासारख्या आडव्या सरकत दूध आणायला जायच्या. शिवाय थरावर थर चढून वाट उंच झाली होती आणि मामींचा उंबरा तिथेच राहिला होता. आधी त्या घरातून बाहेर पायरी उतरायच्या, आता चढायला लागल्या. त्यांनी सभेत हे सांगितलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “मामी, या वयात पायऱ्या चढणं हृदयाला चांगलं.” सेक्रेटरी स्वतः लिफ्टशेजारी राहतात.

इथे माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. ते रस्ते बांधणारे इंजिनिअर. सगळी नोकरी तमिळनाडूतले रस्ते बांधण्यात गेली. निवृत्त होऊनही त्यांचं रस्त्यांवरचं लक्ष सुटलेलं नाही. देवळात निघाले तरी नजर देवळाच्या कळसाकडे नसते, बाहेरच्या डांबराकडे असते. खड्डा दिसला की चेहऱ्यावर दुःख येतं, पण त्या दुःखात एक गुप्त आनंद असतो. घराणं तंजावरी मराठी. इतक्या पिढ्या इकडे, की त्यांची मराठी मला सुरुवातीला कुणीतरी जुन्या पेटीतून काढून तमिळ चालीत गातंय असं वाटायचं. लग्नानंतर पहिल्या सकाळी त्यांनी मला विचारलं, “तुला काफी होणे कां?” मी गोंधळून म्हटलं, “मला कशाला कॉफी व्हायचंय?” ‘होणे’ म्हणजे हवं, आणि ‘होणां’ म्हणजे नको. हे कळेपर्यंत मी तो दिवस कॉफीशिवाय काढला.

तर मामंजी दर सभेत एकच वाक्य म्हणायचे. “वरचं राहूं दे. खालीं काय अहे तें आधीं बघा.” मग ते खालची माती, दगडाचा थर, मुरूम, खडी, ढाळ असं सांगायला लागायचे, आणि लोक भज्यांकडे वळायचे. सेक्रेटरी हसून म्हणायचे, “सार, तो तुमचा हायवे होता. हा फॅमिली ड्राइव्हवे आहे.” मी मात्र अंबत्तूरला गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या कारखान्यात काम करते, दर्जा तपासण्याचं, त्यामुळे मला ते वाक्य कळायचं. पण मीही भजीच खायचे. सासऱ्यांचं कौतुक चारचौघांत करायची सवय आमच्यात नाही, आणि एकांतात तर मुळीच नाही.

मे महिन्यात बोअरिंगचं पाणी आटलं आणि पाण्याच्या लॉऱ्या सुरू झाल्या. एरवी लॉरी रस्त्यावर उभी राहते आणि लांब नळी आत टाकते. पण समोरच्या इमारतीचे लोक नळीवरून भांडायला लागले, तेव्हा सेक्रेटरींनी एका सकाळी लॉरीवाल्याला हात करून आतच बोलावलं. मी स्कूटर काढत होते. तो ड्रायव्हर बिचारा विचारत होता, “सार, टाइल्स आहेत. झेपेल?” सेक्रेटरींनी गुलाबी फुलांवर चप्पल आपटून दाखवली. “दगड आहे दगड! ये, ये, ये, अजून ये!”

भरलेली लॉरी उलटी आत आली. मामींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक आवाज झाला, मोठा पापड मोडावा तसा, आणि मागचं चाक खाली गेलं. नुसतं टेकलं नाही, आत गेलं. लॉरी कलली आणि कंपाउंडच्या भिंतीला खांदा लावून उभी राहिली. ड्रायव्हर उतरला, चाकाकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं आणि बिडी पेटवली. सेक्रेटरी म्हणाले, “इथे धूम्रपानाला मनाई आहे.”

इमारतीतल्या सगळ्या गाड्या आत अडकल्या. भरलेली लॉरी ओढता येणार नव्हती. आमची टाकी भरल्यावरही तिच्यात भरपूर पाणी उरलं, आणि ते सोडून देण्याशिवाय इलाज नव्हता. नळी रस्त्याकडे सोडली. पाणीटंचाईत हे असं फुकट वाहणारं पाणी! अर्ध्या गल्लीला ती बातमी कशी लागली कोण जाणे, पण बायका लाल-हिरवे प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, कमरेवर घेऊन धावत आल्या. सेक्रेटरी गेटात उभं राहून ओरडत होते, “ओन्ली मेंबर्स! ओन्ली मेंबर्स!” कुणी ऐकलं नाही. माझ्या सासूबाईंनी घरातलं एकूणएक भांडं खाली आणलं; कुकर, इडलीपात्र, देवाची पितळी उरुळी, सगळं. कामाला जायच्या ऐवजी मी भांडी पुढे सरकवत राहिले. एवढी मजा मला लग्नात आली नव्हती.

क्रेनने लॉरी ओढून काढली तेव्हा खाली भलंमोठं भोक उरलं. सगळी इमारत त्याच्याभोवती गोळा झाली. कडेला थर दिसत होते, केक कापल्यासारखे: गुलाबी, त्याखाली खडबडीत, त्याखाली सिमेंट, पुन्हा सिमेंट. आणि त्याखाली काही नव्हतं. पोकळी होती. तिच्यात काळं पाणी होतं. आम्ही इतकी वर्षं पापडावरून ये-जा करत होतो. एक घूस त्या पोकळीतून बाहेर आली, जमलेल्या मंडळींवर नजर टाकली आणि घाई न करता पलीकडे गेली.

मामंजी काठी टेकत पुढे आले. मला वाटलं आता ते बोलतील, इतक्या वर्षांचं साठलेलं बोलतील. त्यांनी फक्त काठीने भोकाकडे बोट केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “बघा.”

त्या आठवड्यातच सभा झाली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की काम आता पायापासून नीट करायचं आणि मामंजींच्या देखरेखीखाली करायचं. मला त्या एकमताचा वास आला. काम फसलं तर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हेही त्यात आलं होतं. सेक्रेटरींनी ‘टेक्निकल कमिटी’ जाहीर केली. कमिटीत मामंजी एकटेच होते. तरीही पहिल्या बैठकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

बैठकांत आणि कोटेशनांत उन्हाळा सरला. खोदकाम प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा पुढचा पाऊस फार लांब नव्हता. ज्याला काम दिलं तो मेस्त्री गोड माणूस. कुणीही काहीही सांगितलं की तो म्हणायचा, “सरि सार.” म्हणजे ठीक आहे, साहेब. मामंजी म्हणाले खोल खणा, सरि. सेक्रेटरी म्हणाले उथळ खणा, सरि. पहिल्या दिवशी त्याने दोघांचंही ऐकलं. एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला उथळ.

खणताना जे निघालं ते बघायला लोक बाल्कनीत कॉफी घेऊन उभे राहायचे. ही इमारत ज्याने बांधली त्याने जुनं घर पाडून झाल्यावर जे जे नको होतं ते सगळं या वाटेखाली पुरलं होतं. सिमेंटची फाटकी पोती, नारळाच्या करवंट्या, चपला, गाद्यांचा कापूस आणि अर्धं कमोड. त्यावर काळी चिकणमाती लोटून वर सिमेंट थापलं होतं. फ्लॅट विकताना त्याने या वाटेला ‘ग्रँड एंट्री’ म्हटलं होतं, असं मामी सांगत होत्या. ग्रुपवर कुणीतरी कमोडचा फोटो टाकून लिहिलं, ‘पुरातत्त्ववाल्यांना कळवा.’ सेक्रेटरींनी त्यावर लिहिलं, ‘सदस्यांनी इमारतीची प्रतिमा जपावी.’

मामंजींनी तो सगळा कचरा काढायला लावला, घट्ट माती लागेपर्यंत. मग ती माती ठोकली. तिच्यावर जाड कापड अंथरलं, म्हणजे चिखल वरच्या दगडांत घुसत नाही. मग मोठे दगड हाताने लावून घेतले, फटींत लहान दगड ठोकून. सांगलीकडे याला सोलिंग म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मला पहिल्यांदाच काहीतरी येतं असं त्यांना वाटलं. सोलिंगवर मुरूम, मुरुमावर खडी. एका वेळी पातळ थर घालायचा, पाणी मारायचं, यंत्राने ठोकायचं, मगच पुढचा. गेटपाशी आडवी जाळीची नाली, कारण बाहेरचा रस्ता आमच्यापेक्षा उंच आहे आणि त्याचं पाणी आमच्याकडे पाहुणचाराला येतं. ते नालीतून पाऊसपाणी जिरवायच्या खड्ड्यात जाणार. सगळ्यात शेवटी वाळू आणि ब्लॉक.

ऐकायला सोपं आहे. जगायला नव्हतं. गाड्या रस्त्यावर होत्या आणि त्यांच्यावर रोज कावळ्यांचा अभिषेक होत होता. लोक फळीवरून तोल सांभाळत ऑफिसला जात होते. मामंजी डोक्याला पंचा गुंडाळून, खुर्ची टाकून, भर उन्हात बसायचे आणि एखादा दगड वाकडा दिसला की तो काढायला लावायचे. सासूबाईंना रोज सकाळी गेटापुढे कोलम, म्हणजे इथली पिठाची रांगोळी, काढायची सवय. जागाच नव्हती, म्हणून त्यांनी तो खडीच्या ढिगाशेजारी एका फळीवर काढला. मेस्त्रीने ती फळी उचलून सिमेंट कालवायला घेतली. त्या दिवशी सासूबाई मामंजींना म्हणाल्या, “रस्ता बांधतां कीं तळें? या वेळांत दोन देवळें उभीं झालीं असतीं.”

यंत्राची धडधड सुरू झाली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. माझा नवरा शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत आहे, बरेच दिवस घरूनच काम करतो. त्याला मिटिंगमध्ये परदेशातल्या साहेबाने विचारलं, “तुझ्या मागे कसला आवाज येतोय?” त्याने उत्तर दिलं, “माय फादर.”

सेक्रेटरींचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. मुलीची पहिली दिवाळी, तिला इथे तलै दीपावळी म्हणतात, आपला दिवाळसणच. जावई अमेरिकेहून येणार, आणि त्याची गाडी थेट जिन्यापर्यंत आली पाहिजे, असं सेक्रेटरींनी व्याह्यांना फोनवर सांगून टाकलं होतं. ते रोज येऊन विचारायचे, “सार, सगळी खडी एकदम टाकून एकदाच जोरात ठोकली तर?”

मामंजी म्हणाले, “तुम्ही नाश्ता, जेवण, रात्रीचं, सगळं एकदम गिळतां कां?”

“पण वरून तर सारखंच दिसेल ना?”

“पहिल्या पावसापर्यंत,” मामंजी म्हणाले.

आणि नेमकं तेव्हाच मामंजींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन आलं. तारीख आधीपासून ठरलेली होती. पुढे ढकलायला ते तयार होते, सासूबाई नव्हत्या. डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केली. काळा चष्मा लावून, खिडक्या लावून त्यांना आतल्या खोलीत बसवलं. दर थोड्या वेळाने हाक यायची, “काय चाललंय खालीं?” आणि सासूबाई म्हणायच्या, “कांहीं नाहीं. डोळे मिटा.”

दुसऱ्या सकाळी मी कामावर निघाले. जिन्याखाली येते तो लॉरीभर खडी वाटेच्या अर्ध्या भागात ओतलेली, आणि मेस्त्रीची माणसं ती फावड्याने सपाट करताहेत. पार काठापर्यंत. पाणी नाही, ठोकणं नाही. शेजारी ब्लॉक रचून तयार. आणि सेक्रेटरी, पांढरी वेष्टी नेसून, कपाळाला विभूती लावून, हात मागे बांधून उभे.

मी मेस्त्रीला विचारलं, “हे काय?”

“सेक्रेटरी सार बोलले.”

“आणि मामंजी काय बोलले होते?”

“ते वेगळं बोलले होते,” मेस्त्री म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे.

माझी तमिळ सांगलीच्या वळणाची आहे. तिच्यात आदरार्थी रूपं मी अजून नीट शिकलेली नाही, आणि रागात तर मुळीच आठवत नाहीत. मी सेक्रेटरींना जे बोलले त्याचा मराठीत साधारण अर्थ असा होता, की ही खडी परत काढ.

ते शांतपणे म्हणाले, “अम्मा, तुम्हाला उशीर होईल. ऑफिसला जा.”

मामंजींची खुर्ची भिंतीला टेकून होती. मी ती उचलली, त्या सपाट केलेल्या खडीच्या मधोमध ठेवली आणि हेल्मेटसकट बसले. खुर्चीचे पाय लगेच आत गेले आणि मी एका बाजूला कलले. ती लॉरी कलली होती तशीच.

“बघा,” मी म्हटलं. “माझ्या वजनाने ही अवस्था आहे. जावईबापूंच्या गाडीचं काय होईल?”

सेक्रेटरींना ते आवडलं नाही. ते म्हणाले, “तुम्ही काय सिव्हिल इंजिनिअर आहात?”

“मी रंग तपासते. आमच्याकडे बंपर धुतला नाही, घासला नाही, अस्तराचा थर वाळू दिला नाही आणि वरून चकचकीत रंग मारला, तर तो सहा महिन्यांत साल निघावी तसा निघतो. असा बंपर आम्ही परत पाठवतो.”

“हा बंपर नाही.”

“नाही. बंपर बदलता येतो.”

आवाज वर गेला असावा, कारण आमच्या खिडकीतून काळा चष्मा बाहेर आला. “काय टाकलंय? किती टाकलंय? सगळं एकदम?” मामंजी ओरडत होते, आणि मागून सासूबाई त्यांचा शर्ट धरून ओढत होत्या. “आंत या! डोळा जाईल तुमचा!” “जाऊं दे! रस्ता जातोय!” मग खिडकी धाडकन बंद झाली.

मला वाटलं आता मी एकटी. तेवढ्यात मामींचं दार उघडलं. त्या एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या, माझ्याशेजारी ठेवली, आणि कॉफीचा पेला माझ्या हातात देऊन बसल्या. इतकी वर्षं सभेत हळू आवाजात तक्रार करणाऱ्या मामी सेक्रेटरींना सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाल्या, “खेकड्यासारखं मी आता चालणार नाही. आणि माझ्या हृदयाची काळजी तू करू नकोस. तुझं बघ.”

बाल्कनीतून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. सेक्रेटरी एवढ्या जणांसमोर दोन बायकांना खुर्चीसकट उचलू शकत नव्हते. ते म्हणाले, “असोसिएशनच्या सभेत हा विषय घेऊ,” आणि लिफ्टकडे गेले. मी मेस्त्रीकडे पाहिलं. तो म्हणाला, “सरि अम्मा.”

खडी उपसायला दुपार झाली. मी कामावर खोटंच कळवलं की घरी माणूस आजारी आहे. वर तसा एक होताच. पातळ थर पडला, पाणी मारलं, यंत्र आलं. मामंजी म्हणायचे आवाज ऐक, आवाज बदलतो. मला ते म्हातारपणाचं वाटायचं. पण तिथे बसून ऐकताना खरंच कळलं: सुरुवातीला यंत्र भदभद वाजतं, आणि थर बसत गेला की टणक, कोरडा आवाज येतो. तो आला की मी हात वर करायचे. कानात धूळ, केसांत धूळ, कॉफीत धूळ. उन्हाने चेहरा रापला. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी आपण होऊन पुन्हा खाली बसले, तेव्हा सासूबाई वरून म्हणाल्या, “आतां दोघं झालां.”

दिवाळीपर्यंत ब्लॉक जिन्याच्या अलीकडेच येऊन थांबले होते. जावई आला तो फळीवरूनच, हातात बॅग धरून, तोल सांभाळत. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा होता. पण जावई फळीवरून खाली उतरला, उघड्या राहिलेल्या कडेपाशी बसला आणि थरांचे फोटो काढू लागला. त्याच्या तिकडच्या घरापुढची वाट म्हणे बर्फात भेगाळली होती, आणि दुरुस्तीवाला येऊन वरून काळं काहीतरी फासून गेला होता. त्याने सेक्रेटरींना विचारलं, “हे कापड कशाला?” सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. कापड, सोलिंग, मुरूम, ढाळ, पातळ थर, पाणी. एक शब्द चुकला नाही. इतकी वर्षं सभेत ते भजी खात खात ऐकत होते तर. शेवटी म्हणाले, “मी यांना पहिल्यापासून सांगत होतो, खाली काय आहे ते बघा.” मामंजी काळ्या चष्म्यातून बघत शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पुटपुटले, “पाठ तर बरोबर केलंय.”

पाऊस दिवाळीनंतर, उरलेले ब्लॉक बसल्यावर आला, आणि दरवर्षीसारखा गल्ली भरून आला. बाहेरचं पाणी गेटपाशी येऊन नालीत उतरत होतं. वाट ओली होती, पण वाट होती. मामी छत्री घेऊन सरळ, समोर तोंड करून चालत दूध आणायला गेल्या. मी खिडकीतून पाहत होते आणि वाट पाहत होते, की ग्रुपवर कुणीतरी काहीतरी लिहील. ‘पाणी साचलं’ असं लिहायला ज्यांना एक मिनिट लागायचं नाही, त्यांच्यापैकी एकानेही ‘पाणी साचलं नाही’ असं लिहिलं नाही. दुपारी एक निरोप आला: ‘लिफ्टमध्ये कुणीतरी ओली छत्री झटकली आहे, हे चांगलं नाही.’

वार्षिक सभेत सेक्रेटरींनी ‘माझं स्वप्न’ या विषयावर भाषण केलं. मग मामंजींना शाल घातली. मामंजींनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि नालीतला गाळ कधी, कसा आणि कुणी काढायचा यावर बोलायला सुरुवात केली. लोक आधी माना हलवत होते, मग घड्याळं बघायला लागले, मग एकेक करून जेवायला गेले. शेवटी मामी, सासूबाई आणि मी उरलो. सासूबाईंना झोप लागली होती.

आता सगळं ठीक आहे, एक जागा सोडून. पार्किंगच्या वळणावर, सेक्रेटरींच्या गाडीच्या मागे, पाऊस थांबला की एक थाळीएवढं डबकं राहतं. कावळे त्यात अंघोळ करतात. मामंजींना ते नवीन डोळ्याने पहिल्याच दिवशी दिसलं. तेव्हापासून ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन जातात, ओततात, आणि ते कुठे जातं ते बघतात. कुठेच जात नाही.

“हा भाग,” ते मला म्हणाले, “तूं बसलीस त्या दिवसाचा अहे.”

मी म्हटलं, “मामंजी, मी तर खडीवर बसले होते. वाळू आणि ब्लॉक नंतरचे. ते बसवताना तुम्ही पट्टी काढून खाली आला होता.”

“एका डोळ्याने,” ते म्हणाले.

मी हे मान्य केलेलं नाही, आणि त्यांनीही केलेलं नाही. ब्लॉकचा फायदाच हा, की ते उचलून खालची वाळू सारखी करून परत बसवता येतात. मेस्त्रीला विचारलं, तो सरि म्हणाला. मामंजी म्हणतात, उचलूं या एखाद्या रविवारी. मी म्हणते, उचला की. पण रविवार येतात आणि जातात. ब्लॉक उचलले तर कळेल, की खालचा थर खचलाय की वरची वाळू कमी पडलीय. आणि ते कळून घ्यायची घाई आमच्यापैकी कुणालाच नाही.